तुकड्यांत येणारं पान

सर्व्हरकडून आलेलं पान ब्राउझरने दाखवण्याआधीच त्यातले शब्द बदलावेत, हा मोह एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना होतो. प्रस्तुत लेखकही त्यातलाच. फायरफॉक्समध्ये हे जमतं. पूर्वी त्याच्या ‘नेको’ या नेटवर्किंग भागात थेट शिरता येई. नोव्हेंबर २०१७मध्ये आलेल्या ५७व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन मोडीत काढली आणि त्याच वेळी येणाऱ्या मजकुरावर फिल्टर लावून तो बदलण्याची ‘फिल्टर रिस्पॉन्स डेटा’ ही नवी सोय दिली.

खरी गोम पुढेच आहे. मजकूर अखंड येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतो. आणि तुकडा कुठेही तुटतो, त्याला अक्षराची फिकीर नसते. इंग्रजी पानावर हे कळतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं. ‘म’चे २ बाइट या तुकड्यात आणि तिसरा पुढच्यात गेला, की बाइटांची अक्षरं करणारा डीकोडर तिथे काळ्या शंकरपाळीतलं प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा. लांबलचक बातमीत असं दोन-चार ठिकाणीच होतं, तेही दर वेळी वेगळ्या जागी. मग दोष फॉन्टच्या माथी मारला जातो.

म्हणून प्रत्येक तुकड्याला नवा ‘टेक्स्ट डीकोडर’ बनवू नये. एकच ठेवावा आणि त्याला ‘स्ट्रीम: ट्रू’ सांगावं, अपुरे बाइट तो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवतो. एवढ्याने अक्षर वाचतं, शब्द वाचेलच असं नाही. ‘मुंबई’ म्हणजे ५ चिन्हं, १५ बाइट. ‘मुं’ इकडे आणि ‘बई’ तिकडे गेलं, तर शोधणाऱ्या कोडला मुंबई सापडायची नाही. त्यापेक्षा सगळे तुकडे जमवून शेवटी एकदाच बदल करावा. पान जरा उशिरा दिसेल, पण धड दिसेल. काम झाल्यावर फिल्टर बंद करायला मात्र विसरू नये, नाहीतर पान लोड होतच राहतं.

शब्द बदलण्याबरोबर पानात स्वतःची स्क्रिप्टही घालायची असेल, तर ती अडते म्हणून ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हा हेडरच उडवून टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. पानावर कुठली स्क्रिप्ट चालू द्यायची हे तो हेडर ठरवतो. सरसकट काढला तर वापरणाऱ्याच्या बँकेच्या पानावरचाही पहारा उठतो.

आणि चाचणीला मराठी विकिपीडियावरचं एखादं लांबलचक पान घ्या. चार ओळींचं इंग्रजी पान नको.