सामना एक, डोळे दोन!

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि प्रतिपक्षाचे खेळाडू अंगावर झेपावून पळणाऱ्याला पाडतात. ऑक्टोबर २०१० मध्ये डोक्याला धोकादायक धडक दिल्याबद्दल पिट्सबर्ग संघाच्या जेम्स हॅरिसनला ७५,००० डॉलर दंड ठोठावण्यात आला. काही प्रेक्षकांना तो रास्त वाटला, तर काही संतापले. धडक एकच, मग मते दोन का?

१९५१ साली प्रिन्स्टन व डार्टमथ या अमेरिकन शिक्षणसंस्थांचा सामना फारच धसमुसळा झाला. एकाचे नाक मोडले, दुसऱ्याचा पाय. हॅस्टॉर्फ व कँट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याचा चित्रपट दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथ संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८ दिसले, डार्टमथच्या विद्यार्थ्यांना अवघे ४.३! म्हणजे आपण नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही, आपुलकीनेही पाहतो.

मेंदू मात्र पक्ष जाणत नाही. कवटीतील द्रवात असलेला हा मऊ अवयव धडकेने हादरतो, मग धडक कोणाचीही असो.

मित्रांनो, पुढच्या सामन्यात आपल्याच संघाचे नियमभंग मोजा आणि विरोधी संघाच्या मित्राच्या यादीशी ताडून पाहा.