गरज मोजणाऱ्याची नोकरी

बारावीचा निकाल लागला की तोच प्रश्न घेऊन पालक येतात: ‘सर, एआय घ्यावं की डेटा सायन्स?’ पोरगं गप्प असतं, विचारतो बाप. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीनं घेतलंय, एवढाच त्याचा अभ्यास. ब्रँचच्या नावाला भुलू नका. कॉलेज, फी आणि पोराचं गणित बघा. ‘नीट’च्या तिसऱ्या प्रयत्नाला निघालेल्यांनो, थांबा. एमपीएससीवाल्यांनी दुसरी वाट हाताशी ठेवावी. नेहमीच्या वाटांबद्दल एवढं पुरे.

आता कोल्हापुरात मला कुणीच न विचारलेल्या कामाबद्दल. आपत्तीनंतर लोकांच्या गरजा तपासणं आणि त्यावरून मदतीचा प्रकल्प आखणं, हे पगारी काम आहे. बोटीतून माणसं काढायचं काम एनडीआरएफ आणि आपल्या स्वयंसेवकांची व्हाईट आर्मी करते; त्याला वेगळी छाती लागते. मी म्हणतोय ते वही-पेनचं काम, आणि ते पूर ओसरल्यावरही महिनोन्‌महिने चालतं.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. असा पूर आला की मदतीचे ट्रक चहूकडून येतात. पण ट्रक भरण्याआधी ‘कुणाला, काय, किती, कधीपर्यंत’ हे विचारणारा माणूस सापडत नाही. मग जुन्या कपड्यांचे ढीग पडतात आणि चारा कमी पडतो. म्हैस मागं ठेवून माणूस बोटीत चढत नाही, हे इथल्या पोराला शिकवावं लागत नाही; बाहेरून आलेल्याला लागतं.

शिरोळ तालुक्यातलं एखादं नदीकाठचं गाव घ्या. शेतीचा पंचनामा सातबाऱ्यावर चालतो. ऊस कुजला की भरपाई मालकाच्या खात्यावर. त्या उसात राबणाऱ्याची बुडालेली मजुरी कुठल्याच रकान्यात बसत नाही. गरजा तपासणारा त्याच्या वस्तीवर जातो. बायकांशी वेगळं बोलतो, कारण छावणीतल्या संडासाला कडी नाही, हे सरपंचासमोर कुणी सांगत नाही. मग हिशेब. मदतकामात जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ मानकं सांगतात, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. म्हणजे चाळीस माणसांना १४० चौरस मीटर. शाळेचा एक वर्ग भरतो जेमतेम पन्नास.

यातून प्रकल्प लिहायचा: उद्दिष्ट, कामं, माणसं, खर्च आणि काम झालं हे कशावरून कळणार ते. बरेचदा हे उलटं चालतं. देणगीदाराकडं ताडपत्र्या असतात, म्हणून गावाची गरज ताडपत्री ठरते. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना आधीच्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी नदीकाठचं गाव पुरतं सुटलं नाही. गोठा आणि रान एकीकडं, घर दुसरीकडं, असा संसार कसा चालवायचा? हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर हवा.

आता पालकांशी. ‘समाजसेवा रिटायर झाल्यावर करता येते’ हे वाक्य मला पाठ झालंय. साहेब, ही सेवा नाही, नोकरी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. आपत्तीतली मदत आणि पुनर्वसन त्यात बसतं. तो पैसा कुठं, कसा लावायचा हे सांगणारी माणसं लागतात. संस्थांनाही लागतात, युनिसेफसारख्यांनाही. लपवत नाही: बऱ्याच नेमणुका वर्ष-दोन वर्षांच्या कराराच्या असतात, सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो आणि बदली म्हणजे बिहारही असू शकतं. ज्याला घर सोडवत नाही त्यानं येऊ नये. पण नको म्हणायचं असेल तर या कारणांसाठी म्हणा. पाहुण्यांना सांगायला बरं वाटत नाही म्हणून पोराचं आयुष्य वळवू नका. चार वर्षांनी तेच पोरगं, नको असलेली डिग्री घेऊन, माझ्यासमोर परत बसतं, आणि तेव्हा बाप सोबत आलेला नसतो.

पदवी कुठलीही चालते. भूगोल, संख्याशास्त्र किंवा शेती असेल तर उत्तम. पुढं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) आपत्ती व्यवस्थापनाचं एमए आहे, त्याला सीयूईटी-पीजी द्यावी लागते. कोल्हापुरातच सायबर महाविद्यालयात एमएसडब्ल्यू आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत आहे. इंग्रजीत अहवाल लिहिता आला पाहिजे, त्याला पर्याय नाही.

आणि प्रवेशाआधी एक करून बघा. पूररेषेत येणारी पन्नास घरं निवडा. भाडेकरू किती, जनावरं किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, रोजचं औषध कुणाला लागतं, हे दारोदार विचारून एक्सेलमध्ये भरा. मग त्यावरून दोन पानांचा आराखडा लिहा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला दाखवा. दहाव्या घरालाच कंटाळा आला, तर खुशाल एआयला जा. माझी हरकत नाही.