यंत्रालाही कळावे असे लेखन

वैनगंगेच्या काठी, भंडारा शहरासमोर कारधा हे गाव वसले आहे. येथील पुलाजवळ नदीच्या पाण्याची पातळी मोजली जाते. पावसाळ्यात काठावरच्या लोकांचे लक्ष या आकड्याकडे लागलेले असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा जिल्ह्यातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. अशा ठिकाणची माहिती किती अचूक असावयास हवी, हे निराळे सांगावयास नको.

समजा, कारध्यातील एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःचे संकेतस्थळ उभारले आणि उन्हाळ्यात त्यावर लिहिले, 'आज पूल मोकळा आहे.' त्या दिवशी ते अक्षरशः खरे होते. पुढे भर पावसाळ्यात पुण्याची एक सासुरवाशीण माहेरी निघाली व तिने एआय साहाय्यकाला पुलाची स्थिती विचारली. हा साहाय्यक म्हणजे माणसाच्या वतीने अनेक संकेतस्थळे वाचून उत्तर देणारी संगणकीय योजना होय. त्याला ते वाक्य सापडले. परंतु 'आज' म्हणजे कोणता दिवस आणि 'पूल' म्हणजे कोणत्या गावचा, हे त्याला कोठून कळावे? शेजारी उलट विचारून खात्री करून घेतो. यंत्र बहुधा पुढ्यात आले तेच खरे मानते. अशा वेळी लेखकाचे वाक्य खरे असूनही उत्तर खोटे ठरते, आणि त्याचे फळ वाटसरूला भोगावे लागते.

म्हणून पहिला नियम हा की, प्रत्येक नोंदीत दिनांक, वेळ, गाव, तालुका व जिल्हा स्पष्ट लिहावा. आकड्यापुढे मीटर की फूट हेही लिहावे. माहिती स्वतः पाहिलेली आहे की दुसऱ्याकडून मिळालेली आहे, तेही सांगावे.

दुसरा नियम अक्षरांविषयीचा आहे. पूर्वी अनेक मराठी संकेतस्थळांवर निरनिराळ्या घडणीचे टंक वापरीत. पडद्यावर मराठी अक्षर दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी रोमन अक्षर किंवा भलतेच चिन्ह साठविलेले असे. तो विशिष्ट टंक नसला की सारा मजकूर निरर्थक होई. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. 'क' चा क्रमांक २३२५ आहे. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी सर्व संगणकांना सारखीच ओळखता येते.

तिसरा नियम मांडणीचा. हस्तलिखित कागदाचे छायाचित्र चढविले, तर काही यंत्रे त्यातील अक्षरे ओळखतात, काही चुकतात, तर काहींना केवळ एक चित्र दिसते. यासाठी मजकूर अक्षरांतच लिहावा व चित्राखालच्या संकेतात त्याचे वर्णन द्यावे. अंध वाचकांना पान वाचून दाखविणाऱ्या साधनांनाही हेच वर्णन उपयोगी पडते. शीर्षक नुसते ठळक न करता शीर्षक म्हणूनच नोंदवावे, आणि आकडे खऱ्याखुऱ्या तक्त्यात भरावेत.

घराच्या दारावर पाटी असते, तशी संकेतस्थळालाही लावता येते. यंत्रांनी कोणती पाने वाचावीत व कोणती वाचू नयेत, हे सांगणारी 'रोबोट्स' नावाची छोटी सूचना-फाईल १९९४ पासून प्रचारात आहे. पुढे २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी एआय साहाय्यकांसाठी संकेतस्थळाचा थोडक्यात परिचय देणारी 'एलएलएम्स' ही फाईल सुचविली. मात्र पाटी म्हणजे कुलूप नव्हे. ती मानणे न मानणे वाचणाऱ्या यंत्राच्या हाती असते. म्हणून घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक अशी खाजगी माहिती मुळातच तेथे ठेवू नये.

हे नियम पाहिले असता ध्यानात येते की, त्यांतील बरेचसे चांगल्या पत्रलेखनाचेच आहेत. दूर असलेल्या, आपणास प्रश्न विचारू न शकणाऱ्या वाचकाचा विचार करून जो लिहितो, त्याचे लेखन माणसालाही कळते आणि यंत्रालाही.

स्वाध्याय
१. 'आज पूल मोकळा आहे' हे खरे वाक्य घातक कसे ठरू शकते?
२. 'पाटी म्हणजे कुलूप नव्हे' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावाजवळच्या नदीविषयी किंवा तलावाविषयी, परगावच्या वाचकाला पूर्ण कळेल अशी पाच ओळींची नोंद लिहा.