पोहून आलेली गाडी

दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही मुलुंडला जुनी एसयूव्ही घेतली. सात सीट, डिझेल, चार वर्षांची, एकच मालक. मुलांनी तिसरी रांग आधीच वाटून घेतली होती. बाजारभावापेक्षा लाखभर स्वस्त का, हे मी विचारलं नाही. आत नवी सीट कव्हर्स आणि अत्तराचा घमघमाट. संशय तेव्हाच यायला हवा होता.

मे महिन्यात कोकणात जाताना माणगावच्या अलीकडे, रात्री, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी बंद. सकाळी तिथल्या वायरमनने पुढची सीट सोडवून कार्पेट उचललं. खाली वाळलेला गाळ. "साहेब, ही पोहून आलीय."

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आम्ही भोगलेला. अंधेरीचा सबवे तर दर पावसाळ्यात भरतो. तरी बुडालेली गाडी आपल्यालाच विकली जाईल असं वाटत नाही! अशी गाडी धुऊनपुसून चकाचक करता येते. वायरिंगचे कनेक्टर मात्र आतून गंजत राहतात. दुखणं काही महिन्यांनी वर येतं.

म्हणून जुनी गाडी घेताना कार्पेट उचलाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालचे गंजके नट बघा. सकाळी न कळवता जा, बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवलीय.

खरी गोम कागदात असते. चार वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य दिसला, तर का ते विचारा. बहुधा दावा झालेला असतो. आमच्या पॉलिसीत तो शून्यच होता. मी फक्त संपायची तारीख पाहिली. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९, ३० वर सह्या घ्या, थकलेली ई-चलानं तपासा, विमा १४ दिवसांत नावावर करा.

आणखी एक: रोजची धाव मुलुंड-घाटकोपरच असेल तर बीएस-६ डिझेल गाडी नकोच. एलबीएस रस्त्यावरच्या कासवगतीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. तो साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावरचा वेग लागतो.

आमची ती पोहून आलेली गाडी पुढच्या वर्षी विकली. घेणाऱ्यासमोर कार्पेट मीच उचललं. भाव दोन लाखांनी उतरला.