उकाईची 22 दारे आणि 26 पिना



ऑगस्ट 2006 मध्ये तापीला आलेला महापूर तुमच्या पालकांना चांगला आठवत असेल. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी उकाईची प्रतिकृती करावी असे मुलांना वाटते, ते योग्यच आहे. मात्र अडचण येते ती पिनांची.

उकाईला 22 दारे आहेत. प्रत्येक दारासाठी एक स्विच (दार उघडले का ते कळावे म्हणून) आणि एक एलईडी धरला तर 44 जोडण्या होतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर 40 पिना दिसतात खऱ्या, पण वीजपुरवठा, ग्राउंड वगैरे वगळता आपल्या कामाला 26 च येतात. मग मुले म्हणतात, "दहाच दारे दाखवू." असे करू नका. न दाखवलेले दार उघडले तर इशारा कोण देणार? दारे कमी न करता जोडण्या वाढवाव्यात.

त्यासाठी एमसीपी 23017 ही चिप वापरतात. एका चिपवर 16 जोडण्या मिळतात आणि ती संगणकाशी आय-टू-सी पद्धतीने फक्त दोन तारांवर बोलते : एक डेटाची (पिन 3), दुसरी क्लॉकची (पिन 5). अनेक चिप्स याच दोन तारांवर चालतात. हे वर्गातल्या हजेरीसारखे आहे. क्रमांक सर्वांना ऐकू येतो, पण ज्याचा असेल तोच "हजर" म्हणतो. चिपचा क्रमांक तिच्या तीन पत्ता-पिनांवरून ठरतो. प्रत्येक पिन ग्राउंडला किंवा 3.3 व्होल्टला जोडायची; 2 × 2 × 2 = 8, म्हणजे आठ चिप्स, 128 जोडण्या!

आपल्याला तीनच चिप्स पुरतात. प्रत्येक चिपवर 8 दारे घ्या : 8 स्विच, 8 एलईडी. ए आणि बी या दोन्ही गटांतील शेवटची पिन (क्र. 7) एलईडीलाच द्या, नव्या माहितीपत्रकानुसार या दोन पिना फक्त आउटपुटसाठी आहेत. प्रत्येक एलईडीला 1 किलो-ओहमचा रोधक लावा. चिपची रिसेट पिन 3.3 व्होल्टला जोडायला विसरू नका.

सावधान! संगणकाची पिन 1 ही 3.3 व्होल्टची, तर शेजारची पिन 2 ही 5 व्होल्टची आहे. चिपला 3.3 व्होल्टच द्या. सिग्नलच्या पिनेवर 5 व्होल्ट गेले तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. वीज बंद ठेवूनच तारा जोडा व दुसऱ्याकडून तपासून घ्या.

पालक व विश्वस्तांना एक विनंती : मुलांनी दुसरा बोर्ड मागितला तर आधी "जोडण्या किती हव्यात?" एवढे विचारा. हिशेब कागदावर मांडला की बहुतेक वेळा दोन-तीन चिप्सवर काम भागते.