शेकडा गुण आणि पर्सेंटाईल

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्या काळी उमेदवार थोडे व प्रश्नपत्रिका सर्वांस एकच. सबब गुणांचा अर्थ लावण्यास अडचण नसे. आज अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात जी सीईटी होते, तिची गोष्ट निराळी आहे. ‘मुलाला नव्वद पडले, तरी हवे ते कॉलेज का मिळत नाही?’ असे पालक आम्हांस विचारतात. याचे उत्तर विद्यार्थी व पालक या उभयतांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

२०१९ पासून ही परीक्षा संगणकावर घेतली जाते. उमेदवार लाखांनी असल्यामुळे ती अनेक सत्रांत होते व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. एखादी सोपी, एखादी कठीण निघणारच. तेव्हा नुसते गुण ताडून पाहणे अन्यायाचे होईल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातील उमेदवारांशी करतात.

आपल्या घोडेगावचा कांदाबाजार पाहा. काट्यावर भरलेले वजन ज्याच्या त्याच्या मालाचे. शेजारच्या गाडीमुळे ते कमीजास्त होत नाही. लिलावात मात्र त्या दिवशी आलेल्या इतर मालाशी तुलना होते. शेकडा गुण हे वजन होय. पर्सेंटाईल हा लिलावातील क्रम होय.

रीत अशी : समजा, एका सत्रास १०,००० उमेदवार बसले व त्यांपैकी ९,००० जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत. ९,००० ला १०,००० ने भागून १०० ने गुणिले की ९० येतात. हेच ९० पर्सेंटाईल. २०० पैकी गुण किती, हे त्यावरून मुळीच कळत नाही. सर्व सत्रे मिळून ३ लाख उमेदवार धरले, तर सुमारे ३० हजार आपल्या पुढे उभे आहेत. नामांकित महाविद्यालयाचे दार नव्वदावर का उघडत नाही, याचा उलगडा येथे होतो.

परीक्षार्थींनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. शिवाय या परीक्षेत चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये मात्र बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकीस १ वजा होतो, तेथे अंदाजाने उत्तर देणे महागात पडते.

सीईटी हा एकच मार्ग आहे असेही नाही. दहावीच्या गुणांवर अहिल्यानगरच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेस प्रवेश मिळू शकतो. पुढे पदविकेच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते.

पालकहो, पर्सेंटाईल एका दिवशीच्या रांगेतील जागा सांगते. लेकराची योग्यता सांगत नाही. प्रभू येशूच्या दृष्टान्तात अधिक धन मिळालेल्या व थोडे मिळालेल्या अशा दोन्ही विश्वासू चाकरांस धन्याने सारखीच शाबासकी दिली. त्याने त्यांची एकमेकांशी तुलना केली नाही. सोपविलेल्याचे त्यांनी काय केले, एवढेच पाहिले. घरी निकाल हाती येईल तेव्हा आपणही प्रथम तेच पाहावे.