स्वमग्नता : शब्दांच्या आधीची लक्षणे

मूल बोलत नाही म्हणून बालरोग विभागात आलेल्या कुटुंबांकडून एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : 'याचे वडीलही उशिराच बोलू लागले.' क्वचित ते खरेही असते. परंतु स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची, पहिली खूण बहुधा शब्दांच्याही आधी दिसते, हे आमच्या हितचिंतकांच्या ध्यानी यावे म्हणून हे टिपण.

वर्षाचे बाळ नावाने हाक मारताच वळून पाहते. पुढे काही महिन्यांत ते कावळ्याकडे, चांदोबाकडे बोट दाखविते आणि लगेच आजीच्या चेहऱ्याकडे पाहते. 'तूही पाहा' असे त्याला सांगावयाचे असते. माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरास ही बाब किरकोळ वाटेल. बालरोगतज्ज्ञ तिला फार मोल देतात. बिस्किटासाठी आईचा हात धरून डब्यापर्यंत नेणे निराळे आणि आपले कुतूहल वाटून घेण्यासाठी बोट दाखविणे निराळे. हे दुसरे दीड वर्षापर्यंत दिसले नाही, बाहुलीला निजविण्यासारखा खोटाखोटा खेळ नसेल, नजरेला नजर क्वचितच मिळत असेल, तर तपासणी लांबवू नये. मोटार न चालविता तिची चाकेच फिरवीत बसणे, हात फडफडविणे, मिक्सरच्या आवाजाने कान झाकणे हेही आढळते. मात्र एखाद्या सुट्या लक्षणावरून निदान होत नाही. आलेले शब्द वा हावभाव मूल गमावू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

प्रथम श्रवणचाचणी होते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' ही पालकांनी भरावयाची प्रश्नावली आहे. ती केवळ चाळणी. निदान तज्ज्ञच करतात. वाचा व व्यवसायोपचार मात्र अंतिम निदानाची वाट न पाहता सुरू करता येतात. लहान वयात मेंदूची शिकण्याची क्षमता अधिक असते, म्हणून घालविलेले महिने जड जातात.

आईच्या संगोपनात दोष शोधणारी जुनी उपपत्ती केव्हाच त्याज्य ठरली आहे. तरी घरोघरी सुनेलाच बोल लागतो, ही खेदाची गोष्ट. गोवर-गालगुंड-रुबेला लशीवर ठपका ठेवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. त्या भीतीने लसीकरण चुकवू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. खर्चाच्या धास्तीने थांबलेल्या पालकांनी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत तेथील तपासणी विनामूल्य असते. जाताना लसीकरणाचे कार्ड आणि मुलाच्या खेळण्याचे घरी घेतलेले लहानसे चित्रण सोबत न्यावे. परक्या खोलीत मूल बहुधा निराळेच वागते.